नमुन्याचा धडा

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून कॉरीन वार्गो टॅब्लेटवर एक फुकटचा धडा बघत होती, आणि समोर तिचे वडील कोंबडीचं सूप पीत होते. धडा नर्सिंगच्या एका ऑनलाइन शाळेने पाठवला होता. प्रवेश घेण्याआधी आमच्याकडे कसं शिकवतात ते एकदा बघा, असं सोबत लिहिलेलं होतं. शिकवणारी बाई पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात बसून बोलत होती आणि उरलेल्या जागेत एकामागून एक चेहरे येत होते. कॉरीन अर्धवटच ऐकत होती. शनिवारची पाळी तिच्या कमरेत अजून ठणकत होती, आणि शाळा निवडायची म्हणजे नेमकं काय बघायचं हेही तिला उमगत नव्हतं. आवाज नीट येतो का, चित्रं स्पष्ट दिसतात का, एवढंच ती बघत होती. मग एक चेहरा आला. सत्तरीच्या आसपासचा कुणी म्हातारा. एका डोळ्याची पापणी दुसरीपेक्षा किंचित खाली, त्या डोळ्याची बाहुली बारीक. जणू एकट्या त्या डोळ्यालाच झोप आली होती. बाई म्हणत होती की असं दिसलं आणि त्याच बाजूचा खांदा दुखत असला, तर खांद्यात अडकून पडू नका, फुप्फुसाच्या शेंड्याकडे बघा. कॉरीनने ब्रेडचा तुकडा सूपमध्ये बुडवला आणि सहज वर पाहिलं.

एमरी वार्गो उजव्या हाताने चमचा तोंडाशी नेत होते. डावा हात मांडीवर होता. उन्हाळ्यापासून तो बहुतेक वेळ तिथेच असायचा. खिडकीतून येणारं नोव्हेंबरचं पांढरट ऊन त्यांच्या चेहऱ्यावर सरळ पडलं होतं आणि त्यात त्यांची डावी पापणी खाली आलेली दिसत होती. फार नाही. पडदा ओढताना कुणी हाक मारावी आणि तो तसाच राहून जावा, तेवढीच. कॉरीनने पुन्हा टॅब्लेटकडे पाहिलं. तिथला म्हातारा गेला होता, त्याच्या जागी फुप्फुसाची आकृती आली होती. तिने पुन्हा वडिलांकडे पाहिलं. तिला वाटलं, उजेडामुळे असेल. मग वाटलं, म्हातारपणाने पापण्या उतरतातच. मग तिने काहीच वाटून घ्यायचं थांबवलं.

"काय बघतेस?" वडील म्हणाले.

"काही नाही. पपा, जरा खिडकीकडे बघा."

"जेवू दे की."

त्यांनी तरी पाहिलं. उजव्या डोळ्याची बाहुली उजेडात लहान झाली. डाव्या डोळ्याची आधीच लहान होती. कॉरीन उठली, बेसिनपाशी गेली आणि कारण नसताना हात धुऊ लागली. कोपऱ्यातली बाई मागे बोलतच होती.

वॉर्डात कॉरीन रोज माणसांच्या डोळ्यांत टॉर्चचा उजेड टाकायची. छोटी टॉर्च तिच्या खिशात पेनाशेजारी अडकवलेली असे, आणि अनोळखी माणसांच्या पापण्या अंगठ्याने वर करून बाहुल्या बघताना तिला ना संकोच वाटे, ना ती माणसं नंतर लक्षात राहत. घरी आल्यावर मात्र ती डोळे दाराशी बुटांसारखे काढून ठेवायची. आई गेल्यावर ती टोलेडोच्या पूर्वेकडच्या या जुन्या हंगेरियन मोहल्ल्यात वडिलांकडे परत राहायला आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिने वडिलांच्या चेहऱ्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं? गेला सारा उन्हाळा ती रोज संध्याकाळी त्यांच्या खांद्याला मलम चोळत होती. पण चोळताना ती त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी असायची. तिथून त्यांचं टक्कल दिसे, कानांतले पांढरे केस दिसत आणि त्यांच्या डोक्यावरून समोरचा टीव्ही दिसे. बेसबॉलचा सामना चालू असे. वडील म्हणत, जरा खाली, आणखी थोडं खाली, आणि तिचा अंगठा खाली सरकत जाई. तेव्हा त्या हाडाच्या आड, तिच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर, ते खरं दुखणं वाढत होतं. ही गोष्ट तिला पुढे कितीतरी दिवस सोडेना. तिने त्याच्यावरून मलम चोळलं होतं.

खांदा दुखतोय याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. एमरी वार्गोंनी सगळा जन्म काचेच्या कारखान्यात काढला होता. गाड्यांच्या पुढच्या काचा पट्ट्यावरून उचलून चौकटीत ठेवायच्या, हे त्यांचं काम. त्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या वयाच्या प्रत्येकाचा एक तरी खांदा कामातून गेलेला होता. चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळायला ही मंडळी जमली की एकमेकांना वाकलेले हात दाखवून हसत. त्यामुळे दुखणं सुरू झालं तेव्हा त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं, काच. आणि ते डेल्फीनकडे गेले.

डेल्फीन प्रुइट ही कॉरीनची जिवाची मैत्रीण. दोघींनी एकाच मजल्यावर वर्षानुवर्षं काम केलं होतं. अंथरुणातली जड माणसं एक बाजू हिने, एक बाजू तिने धरून, एकाच दमात वर सरकवली होती. पुढे डेल्फीनने नोकरी सांभाळून ऑनलाइन शिक्षण घेतलं आणि ती नर्स प्रॅक्टिशनर झाली, म्हणजे माणूस तपासून स्वतःच्या सहीने औषध लिहून देणारी नर्स. आता एका मोठ्या औषधाच्या दुकानात, शांपू आणि भेटकार्डांच्या रांगा ओलांडून गेलं की मागे तिची खोली होती. पांढऱ्या कोटावर तिचं नाव निळ्या धाग्याने भरलेलं होतं. पहिल्यांदा तो कोट घातला तेव्हा तिने कॉरीनला फोटो पाठवला होता आणि कॉरीन तो कितीतरी वेळ बघत बसली होती. हेवा वाटला होता का? वाटला होता. त्यानंतर भेटेल तेव्हा डेल्फीन तिला टोचायची. अगं, पाठ शाबूत आहे तोवर नीघ तिथून. साठीला पोचशील तेव्हा तुलाच कुणीतरी वर सरकवायला लागेल. कॉरीन हसण्यावारी न्यायची. मग ऑक्टोबरात एका दारुड्या पेशंटला पडता पडता सावरताना तिच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं, ती जमिनीवर बसली ती बराच वेळ उठू शकली नाही, आणि तिथे बसल्या बसल्या, पलंगांच्या चाकांच्या उंचीवरून वॉर्ड बघताना, तिने ठरवलं की आता शिकायचंच.

दोन शाळा तिच्या डोक्यात होत्या. एक डेल्फीनची. तिथे लगेच प्रवेश, परीक्षा नाही, जानेवारीत सुरुवात, धडे हवे तेव्हा बघा. प्रत्यक्ष पेशंट तपासण्याचं जे शिक्षण असतं ते मात्र स्वतःचं स्वतः जमवायचं. एखादा डॉक्टर किंवा अनुभवी प्रॅक्टिशनर शोधायचा, हातापाया पडायचं, आणि त्याने बाजूला उभं राहू दिलं की तेवढे तास मांडायचे. दुसरं होतं राज्याचं विद्यापीठ. तिथेही धडे घरूनच, पण मधूनमधून तिकडे जाऊन राहायचं, शिक्षकांसमोर एकमेकांना तपासायचं. दवाखाने विद्यापीठ ठरवून देणार आणि तिथे शिक्षक मागे उभं राहून बघणार. त्याला वेळ जास्त, मुलाखत, वाट बघणं, आणि सुरुवात पुढच्या शरद ऋतूत. आपल्या वयाच्या बाईला कुठलं परवडतं हे उघड आहे, असं कॉरीनला वाटत होतं. ऑनलाइन शाळेची केल्सी नावाची सल्लागार तिला एक दिवसाआड फोन करायची. आवाज नाताळच्या गाण्यांसारखा गोड. तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय हं, असं ती दर वेळी सांगायची. ऑनलाइन शाळेतली जागा धरून ठेवतात म्हणजे काय करतात, हे विचारावंसं कॉरीनला वाटे आणि ती विचारत नसे.

दोन दिवसांनी सकाळी ती वडिलांना घेऊन स्वतःच्याच इस्पितळात गेली. ओळखीच्या माणसांनी पटापट स्कॅन काढून दिला. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने कॉरीनला वेगळं बाहेर बोलावलं आणि तिच्याशी नर्सशी बोलतात तसं बोलायला लागली, नेमक्या, कोरड्या शब्दांत. डाव्या फुप्फुसाच्या शेंड्याला गाठ. मणक्यात गेलेली. यकृतातही. कॉरीन मान हलवत होती. हे ती करू शकते, हे तिला येतं, मान हलवणं आणि पुढचा प्रश्न विचारणं. कॉरिडॉरच्या टोकाला एक सफाई कामगार फरशी पुसत होता आणि ओल्या फरशीत छतावरचे दिवे लांबट होऊन पडले होते. बोलता बोलता डॉक्टरीणबाई थांबली आणि म्हणाली, "हे तुमचे वडील आहेत ना?" तिचा आवाज बदललेला होता. कॉरीनला तिचा राग आला. मघाचंच बरं होतं.

परतताना गाडी पुलावर आल्यावर मॉमी नदीकडे बघत वडील म्हणाले, "म्हणजे काच नव्हती."

"नाही."

"मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, काच म्हणून."

नदी राखाडी होती. हिवाळ्यात धान्याची जहाजं आत येऊन उभी राहतात तसं एक उभं होतं. त्याच्याकडे बघताना तिला आपण लहान असताना वडील कारखान्यातून घरी यायचे ते आठवलं. हातमोजे काढले की त्यांच्या तळव्यांना काचेचा भुगा चमकत असे, म्हणून त्यांना मिठी मारायची नाही असा आईचा नियम होता. आधी हात धू, एमरी, मग पोरीला घे. ते हात धुऊन येईपर्यंत ती दाराशी उभी राहायची, आणि कधीकधी मधेच कंटाळून निघून जायची.

डेल्फीनला सांगायला ती फोन न करता गेली. दुपारी दुकान रिकामं होतं. खोलीबाहेरच्या खुर्चीत एक बाई खोकणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं होईपर्यंत कॉरीन भेटकार्डं बघत उभी राहिली. लवकर बरे व्हा, नव्या घराला शुभेच्छा, तुमच्या दुःखात सहभागी. दरवाजा उघडला, बाई बाहेर आली, आणि डेल्फीनने कॉरीनला पाहिलं. ती हसली. मग तिचं हसू ओठांवरच अर्धवट राहिलं, कारण तिनेही कित्येक वर्षं वॉर्डात काढली होती, आणि कुठली माणसं कुठली बातमी घेऊन येतात हे तिला लांबून कळत असे.

कॉरीनने सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडायचं असं घरून ठरवून निघाली होती, पण खोलीतला तो कागद पसरलेला तपासणीचा पलंग आणि भिंतीवरचं कानाच्या आतल्या भागाचं चित्र बघितलं आणि तिचा आवाज आपोआप दवाखान्यातला झाला. डेल्फीन चाकांच्या स्टुलावर बसून ऐकत होती. ते तीनदा आले, ती म्हणाली. एकदा गोळ्या दिल्या, एकदा व्यायाम लिहून दिले, एकदा खांद्यात इंजेक्शन दिलं. इंजेक्शनने बरं वाटतंय म्हणाले होते, कारण मी विचारलं तेव्हा त्यांना मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"त्यांच्या डोळ्याकडे पाहिलं होतंस?"

"मी तिकडे पाहत होते." तिने संगणकाकडे बोट दाखवलं. "सगळे प्रश्न तिथे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पुढचा माणूस बाहेर बसलेला असतो." मग ती म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"तुझ्याच शाळेच्या धड्यात. नमुना म्हणून पाठवला होता."

दुकानात कुठेतरी गाणं लागलेलं होतं आणि मधूनमधून गाणं थांबवून कुणाला तरी काउंटरवर बोलावत होते.

"तो धडा मला आठवतो," ती म्हणाली. "त्या बाईचा आवाज आठवतो. मी तेव्हा पोरांसाठी भाज्या चिरत होते. सगळे धडे मी तसेच केले, कॉरीन. ऐकले. पाहिला एकही नाही."

आणि प्रत्यक्षातल्या शिक्षणाचं काय, असं कॉरीनने विचारलं नाही, पण डेल्फीन स्वतःच सांगत राहिली. थांबण्याची ताकद गेल्यासारखी. कुणी घेतच नव्हतं मला. सगळीकडे फोन केले. शेवटी एका त्वचेच्या डॉक्टरने घेतलं, त्याच्याकडे बायका चेहऱ्याच्या सुरकुत्या घालवायला यायच्या. तो भला माणूस होता. दुपारी मला सोडून द्यायचा आणि पूर्ण दिवसाची सही करायचा. मला बरंच वाटायचं, कारण संध्याकाळी पाळी असायची. मग एक दिवस हातात परवाना आला. पहिल्या दिवशी या खोलीत दार लावून मी एकटी बसले, आणि तेव्हा मला कळलं की माझ्या मागे आता कुणीच उभं नाही. हे सांगताना ती रडत नव्हती. रडली असती तर कॉरीनला सोपं गेलं असतं. ती नुसती स्टुलावर बसून होती, गुडघे जवळ घेऊन, आणि कोटावरच्या नावावरून अंगठा फिरवत होती.

कॉरीन गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवली नाही. तिने मनात डेल्फीनला दोषी ठरवून पाहिलं. ते सहज जमलं. मग तिने त्या स्टुलावर स्वतःला बसवून पाहिलं. पुढचं पान उघडत नाहीये, बाहेर पोर खोकतंय, समोर मैत्रिणीचा हसरा बाप म्हणतोय की काच आहे, पोरी, काच. आणि तेही सहज जमलं. ते इतकं सहज जमलं की तिने घाईघाईने गाडी सुरू केली आणि रेडिओचा आवाज वाढवला.

त्यानंतरचे दिवस जड झाले. मणक्याच्या दुखण्यासाठी किरणांचा उपचार झाला, त्याने थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा दुखू लागलं. डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. कॉरीनने कामावरून सुट्टी घेतली. बाहेरच्या खोलीत भाड्याचा पलंग आला, खालीवर होणारा, आणि तो बघून वडील म्हणाले, घे, आता तुझं ऑफिस घरीच आलं. मोहल्ल्यातल्या बायका कोबीचे रोल आणि खसखशीच्या वड्या ठेवून जायच्या. वडील घासभर खायचे आणि बाकीचं ती उभ्या उभ्या खायची. केल्सीचे फोन येत होते. एकदा कॉरीनने तिला विचारलं की प्रत्यक्ष शिकताना माझ्यामागे कोण असेल. केल्सी म्हणाली की आमच्या बहुतेक विद्यार्थिनी फार हुशार असतात, त्यांना सहज कुणीतरी मिळतं. कॉरीन म्हणाली की माझी एक मैत्रीणही फार हुशार होती. वा, मग तुम्हाला आमची माहिती आहेच की, केल्सी म्हणाली, आणि तिच्या आवाजात काडीचाही खोटेपणा नव्हता.

वडिलांना डेल्फीनचा राग नव्हता, आणि हे कॉरीनला सहन होत नव्हतं. ती का येत नाही, असं ते विचारायचे. कॉरीन म्हणायची, कामात असेल. एकदा ते म्हणाले, "तिला मीच फसवलं. खांदा काचेने गेलाय असं सांगून गेलो. दुसरं काही असेल असं म्हणायची सोयच ठेवली नाही मी."

"पपा, ते तुम्ही सांगायचं नसतं. ते तिने शोधायचं असतं."

"आणि तू?"

त्यांनी हे टोचून विचारलं नव्हतं. तू जे शिकणार आहेस त्यात तू शोधशील ना, असं त्यांना म्हणायचं असावं. पण प्रश्न तिथेच राहिला, त्या दोन शब्दांचा, आणि कॉरीन उशीची खोळ बदलू लागली. त्यांची मान हातावर घेऊन उशी खाली सरकवताना त्यांचा चेहरा अगदी जवळ आला. आता ती रोज तो बघत होती. सकाळी बघायची, दुपारी बघायची, काही उपयोग नसताना बघायची. उशिरा आलेल्या माणसाने रिकाम्या फलाटावर उभं राहावं, तसं ते बघणं होतं.

विद्यापीठाची मुलाखत नाताळाआधी झाली, टॅब्लेटवरच, त्याच टेबलापाशी. अर्ज तिने का भरला होता हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भरून टाकला होता इतकंच. पडद्यावर जाड चष्म्याची, पिकल्या केसांची बाई होती, तिच्यामागे पुस्तकांऐवजी कुंड्या होत्या. तिने इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, तुम्हाला हे का शिकायचंय? याचं उत्तर कॉरीनने तयार केलेलं होतं. समाजाची सेवा, गरजू मोहल्ले, अनुभवाचा उपयोग. तिने तोंड उघडलं आणि बाहेरच्या खोलीतून वडिलांचा आवाज आला. हाक नव्हती, नुसता आवाज. ती उठून गेली. त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, जिभेखाली औषधाचे थेंब सोडले, श्वास पुन्हा एका लयीत येईपर्यंत हात धरून उभी राहिली. परत आली तेव्हा मुलाखत संपलेली असणार असं तिला वाटलं होतं. बाई तशीच बसलेली होती.

"कोण आहेत?"

"माझे वडील."

"आपण नंतर बोलू या का?"

"नको," कॉरीन म्हणाली. नंतर तिच्यात हे बोलण्याचं बळ राहिलं नसतं. "तुम्ही विचारलंत, का शिकायचंय. मी चुकणार आहे. सगळेच चुकतात. मी चुकेन तेव्हा कुणीतरी शेजारी उभं असायला हवं. म्हणून तुमच्याकडे अर्ज केला."

बाईने चष्मा काढून पुसला. तिच्या चेहऱ्यावर कौतुक वगैरे काही आलं नाही. "आम्ही कायम उभे नसतो," ती म्हणाली. "शिकणं संपलं की तुम्हीही एकट्याच असाल."

"माहीत आहे."

"बरं," बाई म्हणाली आणि तिने काहीतरी लिहून घेतलं.

प्रवेश मिळाल्याचं जानेवारीत कळलं. कॉरीनने वडिलांना सांगितलं तेव्हा ते औषधाच्या गुंगीत होते. त्यांनी तिचा हात थोपटला आणि आईचं नाव घेतलं. तिने दुरुस्त केलं नाही. केल्सीला तिने कळवलं की तुमची जागा आता दुसऱ्या कुणाला द्या. केल्सी म्हणाली, हरकत नाही, जागा आमच्याकडे भरपूर आहेत.

त्याच आठवड्यात एका दुपारी डेल्फीन आली. बाहेर बर्फ पडून गेलेला होता आणि तिने बूट दाराशी झटकले. तिच्या हातात काहीच नव्हतं. एवढ्या दिवसांत रिकाम्या हाताने घरात आलेलं ते पहिलं माणूस. दोघींनी एकमेकींना मिठी मारली नाही. वडील जागे होते, त्या दिवशी त्यांचं डोकंही स्वच्छ होतं. ते म्हणाले, ये पोरी, बस, आणि कॉरीन कॉफी करते असं सांगून आत गेली. तिला त्या खोलीत थांबायचं नव्हतं. डेल्फीन माफी मागणार आणि वडील ती लगेच देऊन टाकणार, असं तिला वाटत होतं, आणि तिला ते बघायचं नव्हतं. तिने नळ सोडला. मग पाण्याच्या आवाजातून वडिलांचे शब्द आले आणि तिने नळ बंद केला.

"डेल्फीन, कॉरी मला सांगत नाही. डॉक्टर लोक गोल गोल बोलतात. तू सांग. किती राहिलंय?"

कॉरीन हातात किटली धरून उभी राहिली. इतकी वर्षं वॉर्डातल्या कितीतरी पेशंटांच्या घरच्यांना तिने हे सांगितलं होतं, हळू आवाजात, खुर्ची जवळ ओढून. इथे तिने ते टाळलं होतं. रोज उद्यावर टाकलं होतं. आता जाऊन बोलणं तोडता येईल, असा विचार तिच्या मनात आला. पाय हलले नाहीत.

"फार नाही, मिस्टर वार्गो," डेल्फीन म्हणाली.

"उन्हाळा?"

"नाही."

"ईस्टर?"

खुर्चीचा बारीक आवाज झाला. डेल्फीन पुढे वाकली असावी. "मला नाही वाटत," ती म्हणाली. "हा बर्फ आहे तोवर, एवढंच."

रस्त्यावरून बर्फ ढकलणारं यंत्र गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. आता वडील रडतील, आणि आपल्याला आत जावं लागेल, असं कॉरीनला वाटलं. पण त्यांचा जो आवाज आला तो कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या माणसासारखा होता, थकलेला पण सैल.

"बरं झालं कुणीतरी बोललं," ते म्हणाले. "खुर्ची जरा इकडे घे. तुझं तोंड दिसत नाही मला."

त्यानंतर ते दोघं काहीबाही बोलत राहिले, डेल्फीनच्या पोरांचं, बर्फाचं, कारखान्यातल्या कुणा जुन्या कृष्णवर्णीय मुकादमाचं, जो डेल्फीनच्या आत्याचा नवरा निघाला होता. वडील एकदा हसले. कॉरीनने कॉफी केली, ती ओट्यावर ठेवली, आणि ती निवली तरी ती आत घेऊन गेली नाही.

निघताना डेल्फीन दाराशी वाकून बूट घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "शेवटी कुठली घेतलीस?"

"विद्यापीठाची."

"बरं केलंस."

ती सरळ झाली. तिचा चेहरा दिवसाच्या उजेडात खूप म्हातारा दिसत होता. कॉरीनला काहीतरी बोलायचं होतं, तू सांगितलंस ते बरं केलंस असं काहीतरी, पण त्याच्याखाली दुसरं होतं, कठीण, न विरघळलेलं, आणि पहिलं बोलावं तर ते दुसरंही बाहेर पडेल अशी भीती वाटत होती. म्हणून तिने खुंटीवरचा डेल्फीनचा ओव्हरकोट काढला आणि बाही धरून उभी राहिली.

डेल्फीनने हात बाहीत घातला नाही. ती दाराच्या काचेतून बाहेर बघत होती.

"मला ती खोली सोडता येत नाही," ती म्हणाली. "वॉर्डात परत जायला पाठ नाही. उद्या सकाळी आठला मी दार उघडेन आणि बाहेरच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली असतील. त्यांचं मी काय करू, कॉरीन?"

कॉरीन कोट धरून उभी होती. कोट जड होता, ओल्या लोकरीचा वास येत होता. काही वेळाने डेल्फीननेच हात घातला, आधी एक, मग दुसरा. पायऱ्या उतरून ती गाडीकडे गेली. इंजिन सुरू झालं, पण गाडी बराच वेळ तिथेच उभी राहिली. आतून वडिलांनी विचारलं, गेली का ती. कॉरीन म्हणाली, हो, गेली.